सात नंबरच्या पेटीपाशी

आई, तुमचं घडीचं स्टूल अजून तिथंच आहे. नेच्याच्या झुडपाखाली, तुम्ही सरकवून ठेवायचात तसंच. मी ते घरी आणायला गेले होते आणि न आणता परत आले. रडगाणं तुम्हाला आवडायचं नाही आणि मला जमत नाही, तेव्हा जे झालं ते क्रमानं सांगते.

तुमचा तेरावा दिवस गुरुवारी येत होता. तो आम्ही शनिवारी केला, कारण नितीनला सुट्टी तेव्हाच होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "करा सावकाश, मला कुठं जायचंय." नितीन हे बोलला आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये जाऊन बसला. तुमचा मुलगा तुमच्यासारखा नाही. तुमच्यासारखी घरात मीच होते, असं तुम्हीच एकदा नातीला, इराला सांगितलं होतंत. सुनेबद्दल सासूनं इतकं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण मी कुकरची शिटी मोजत असल्यासारखं दाखवलं.

रविवारी मी टेकडीवर गेले. तुमच्या आजारपणामुळे पेट्या बघायच्या राहून गेल्या होत्या. वेलिंग्टनजवळ, लोअर हटला आमच्याकडे राहायला आल्यावर तुम्हाला पहिल्यांदा ती पेट्यांची लाइन दाखवली तेव्हाची तुमची नजर मला आठवते. चौदा लाकडी पेट्या, आत स्प्रिंगचा सापळा, आमिषाला कोंबडीचं अंडं. इथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाणारे स्टोट, फेरेट आणि उंदीर त्यात मारायचे, आणि हे काम वस्तीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी आपणहून करायचं. मी या लाइनची प्रमुख. तुम्ही सुती साडी, त्यावर नितीनचं जुनं जॅकेट, पायात तपकिरी मोजे आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा वर चढलात. मेलेला पहिला स्टोट हातमोजा घालून उलटासुलटा केलात आणि वर्गात बोलावं तसं बोललात.

"दिसतो मुंगसासारखा. पण मुंगूस मांजराच्या बाजूचं आणि हा कुत्र्या-अस्वलाच्या बाजूचा. नातं काही नाही. सारखं काम करून करून अंग सारखं झालंय."

"आई, तो पिशवीत टाका. वास येतोय."

"येऊ दे की. वासाशिवाय याची ओळख कशी पटायची?"

मुंगूस हा तुमचा विषय होता हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. वाईच्या बाजूला उसाच्या शेतामागे एक उतार होता, तिथं तुम्ही कॉलेजात असताना दोन हंगाम करड्या मुंगसांच्या मागे काढले होते. प्रबंध पूर्ण झाला नाही, कारण लग्न झालं. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात कधी सांगितलं नाहीत. फक्त त्या चार वह्या बॅगेत घालून इतक्या लांब आणल्यात, पितळी पूजेचं ताट मात्र पुण्याला ठेवलंत.

त्या वह्या मी या आठवड्यात वाचल्या. अक्षर बारीक, शाई फिकी. मुंगूस दिवसा फिरतं, बहुधा एकटं. नाक जमिनीला लावून चालतं, मध्येच मागच्या पायांवर उभं राहून बघतं. घाबरलं की अंगावरचे केस फुलवून दुप्पट दिसतं. स्वतः बीळ खणण्यापेक्षा वारुळात, दुसऱ्याच्या बिळात, मोरीच्या नळीत राहणं पसंत करतं. सापाचं विष त्याला कमी लागतं, अजिबात लागत नाही असं नव्हे. साप चावायच्या आत ते तिथून हललेलं असतं, हे त्याचं खरं औषध. अंडं फोडायचं झालं तर काही मुंगसं दगडाकडे पाठ करून उभी राहतात आणि अंडं मागच्या पायांमधून दगडावर फेकतात. शेवटच्या वाक्यापुढे तुम्ही लिहिलंय, "मी स्वतः एकदाच पाहिले." 'एकदाच'खाली रेघ आहे.

आता फेब्रुवारीतली ती दुपार. ऊन इतकं स्वच्छ की पायाखालची मुंगी दिसावी. मी आठ नंबरच्या पेटीशी वाकले होते. तुम्ही मागे सात नंबरपाशी, जिथं टेकडीवरच्या पाण्यासाठी रस्त्याखालून काँक्रीटची मोरी काढलेली आहे. मघापासून एक तुई ओरडत होता, तो मध्येच थांबला. बाकीचे पक्षीही थांबले.

"वैशाली, हलू नकोस."

"काय झालं?"

"मुंगूस."

"आई, या देशात मुंगूस नाही."

"ते त्याला सांग."

मी वळेपर्यंत मोरीच्या तोंडाशी नुसती हललेली पानं होती. मी तुम्हाला उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारले. शेपटीचं टोक काळं होतं का? नव्हतं. स्टोटचं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. शेपटी किती? अंगाएवढी. रंग? मीठमिरी, एकेका केसावर फिके-गडद पट्टे. तोंड बघितलंत?

"नाही ना. तिथंच तर सगळं अडलंय."

मग तुम्ही खालच्या पट्टीत, मुंगूस दिसलं की आपल्याकडची पोरं म्हणतात तेच म्हणालात. रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगितलंत. मला हसू आलं. प्राणिशास्त्र शिकवलेली बाई मोरीपुढे वाकून शपथ घालतेय.

"हसू नकोस," तुम्ही म्हणालात. "यात शास्त्र आहे. मुंगूस पळालं की सुरक्षित अंतरावर जाऊन थांबतं आणि मागे कोण आहे ते वळून बघतं. तेवढ्या वेळात पोरांची शपथ म्हणून होते. पोरांना वाटतं, आपलं ऐकलं."

"मग हे का नाही वळलं?"

तुम्ही थोडा विचार केलात. "इथं त्याच्या मागे लागणारं कोणी नाही. वळून बघायची गरजच पडली नसेल." आणि मग, हात झटकत, "किंवा त्याला मराठी आपल्या इरासारखं येत असेल. कळतं सगळं, उत्तर देत नाही."

तोंड का हवं होतं, तेही तुम्ही परतताना सांगितलंत. स्टोटच्या डोळ्याची बाहुली गोल असते. मुंगसाची आडवी, फटीसारखी. उजेडात एकदा डोळा दिसला की वाद संपला.

त्या संध्याकाळी तुम्ही इराला शेजारी बसवून पेट्यांच्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये नोंद केलीत. "आजी, इट्स नॉट इन द लिस्ट," ती म्हणाली. "मग लिस्ट अपुरी आहे. 'इतर' असेल बघ, त्यात लिही." तिनं लिहिलं: मुंगूस, एक, पेटी सात, पाहणाऱ्याचं नाव सुमती. तुम्ही चष्मा काढून ते वाचलंत आणि मान डोलावलीत. त्या प्रबंधानंतर तुमच्या नावावर पडलेली ती पहिलीच नोंद असावी, हे मला आत्ता सुचतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये मी ती बदलली. प्रमुख म्हणून मला बदलता येते. 'मुंगूस' काढून 'स्टोट' केलं. चार सेकंदांचं काम.

मी स्वतःला कारण दिलं होतं की लोक तुम्हाला हसतील. आमच्या गटातला बॅरी चांगला माणूस आहे, पण बार्बेक्यूला तो ही गोष्ट दरवर्षी सांगत बसला असता. खरं कारण ते नव्हतं. लोक मला हसतील म्हणून मी बदललं. पंधरा वर्षं इथं राहून, पाण्याच्या पाइपांची कामं बघून, बाई नीट काम करते एवढं नाव मिळवलंय. माझ्या लाइनवर माझ्या सासूला मुंगूस दिसलं, हे मला त्या नावाला चिकटायला नको होतं.

दोन दिवसांनी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी भोपळा चिरत होते.

"अ‍ॅपमध्ये स्टोट झालंय," तुम्ही म्हणालात. "अ‍ॅपच्या ऑफिसातल्यांनी बदललं वाटतं."

"असेल," मी म्हणाले.

तुम्ही ओट्याला टेकून उभ्या राहिलात. मग कॉलेजातली एक गोष्ट सांगितलीत. प्रॅक्टिकलच्या वहीत एका मुलीनं जोडीदारणीचं निरीक्षण खोडरबरानं पुसून आपलं लिहिलं होतं. तुम्ही तिची सबंध वही परत केलीत. "दुसऱ्यानं पाहिलेलं पुसायचं नाही. पटत नसेल तर त्याच्या खाली आपलं लिहायचं आणि सही करायची." एवढं बोलून, "मिठाचा डबा कुठे ठेवलास?" मी डबा दिला.

ते तुम्ही मला बोलायला वाट करून दिली होती, हे मला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. कळलं. भोपळा चिरून व्हायचा होता.

त्यानंतर आपले वाद दुसऱ्याच गोष्टींवर झाले. स्टोट मारावेत की नाही, यावर तर कितीदा. तुम्ही म्हणायचात, सशांना आवरायला माणसांनीच इथं स्टोट आणले. दुसऱ्या बेटांवर उसातल्या उंदरांसाठी मुंगसं नेली, उंदीर फिरतात रात्री आणि मुंगूस दिवसा, दोघांची गाठ पडेना, मग मुंगसांनी पक्षी खाल्ले. बोलावणाऱ्यांनी आधी वेळापत्रक तरी बघायचं होतं. मी म्हणायचे, आई, कोणी का आणलं असेना, आज पिल्लं मरतायत. तुम्ही म्हणायचात, ते बरोबरच आहे. आणि तरी चेहऱ्यावर पटल्याची खूण नसायची. तो वाद तसाच राहिला. माझं मत अजून तेच आहे, तुम्ही गेलात म्हणून बदलणार नाही.

सात नंबरला कॅमेरा तुम्ही भोपळ्याच्या दुसऱ्याच दिवशी लावलात. नितीननं वाढदिवसाला दिलेला, समोर काही हललं की पंधरा सेकंद चित्रण करणारा. त्यावर आलेल्या क्लिपा तुम्ही मला दाखवल्यात. सावलीत एक करडी पाठ. मोरीत शिरताना पाठ, पेटीभोवती फिरताना पाठ, मागच्या पायांवर उभी राहिलेली पाठ. बॅरीनं एक बघितली आणि म्हणाला, फेरेट असेल, स्वीट अ‍ॅज, म्हणजे काळजीचं काही नाही. मी एकामागून एक बघत गेले तेव्हा मला बरं वाटलं नाही. जनावर कधीतरी चुकून तरी कॅमेऱ्याकडे बघतं. हे बघत नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि कणीक मळायला घेतली.

मग तुम्ही मुंगसाबद्दल बोलणंच थांबवलंत. मला वाटलं, विषय संपला. रविवारी तुम्ही एकट्याच स्टूल घेऊन वर जायचात, पुढे पुढे तर मधल्या वारीही, बरोबर साडेअकराला. उन्हात बसते म्हणायचात. मग थंडी पडली, तुमचं हृदय कुरकुरायला लागलं आणि तुम्ही खिडकीपाशीच बसायला लागलात. शेवटच्या आठवड्यात एकदा, काही संबंध नसताना म्हणालात, "सात नंबरला जाशील तेव्हा घाई करू नकोस. जरा बस." मी म्हटलं, बसेन. मी कुठं बसते, तुम्हाला माहीत होतं.

तर रविवारी मी गेले. सात नंबरचा सापळा लावलेलाच होता, आतलं अंडं जागेवर, त्यावर मी पेन्सिलीनं घातलेली तारीखही. पण मोरीच्या काँक्रीटच्या कडेशी टरफलांचा ढीग होता. स्टोट अंड्याला दातांनी भोक पाडतो, कडा कुरतडलेल्या दिसतात. ही टरफलं आपटून फुटलेली होती. वरच्या दोनतीन टरफलांना आतून बलक अजून ओला. तुम्ही टेकडीवर जाऊन महिना उलटून गेला होता. खालच्या एका घरी कोंबड्या आहेत, तिथली असतील. दुसरं काय असणार? मोरीतून एक उग्र वास येत होता, कस्तुरीसारखा आणि शिळा. पाइपांत मी अनेक वास घेतलेत, हा ओळखीचा नव्हता. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि नेहमीपेक्षा जरा भराभर खाली उतरले.

घरी डायनिंग टेबलावर, दिवसाउजेडी, सगळं कार्ड पाहिलं. तुम्ही दाखवलेल्या क्लिपा त्यात होत्या. न दाखवलेल्याही होत्या. पुसणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

त्यातली एक, आपण भोपळ्यापाशी बोललो त्यानंतर चौथ्या दिवसाची. तुम्ही स्टुलावर बसलेल्या, पाठ कॅमेऱ्याकडे. नितीनचं जॅकेट, अंबाडा, तपकिरी मोजे. तुम्ही पदराखालून एक अंडं काढता आणि पेटीच्या बाहेर, काँक्रीटवर ठेवता. मोरीतून ते येतं. तुमच्यापासून दोन हातांवर थांबतं, मागच्या पायांवर उभं राहतं, पाठ कॅमेऱ्याकडेच. वाऱ्याच्या आवाजातून तुमचा आवाज येतो, खालच्या पट्टीतला, शपथेचा. आणि ते मान वळवतं. कॅमेऱ्याकडे नाही, तुमच्याकडे. मला फक्त त्याची मानगूट दिसते आणि कानाची एक गोल कड. तुमचं डोकं किंचित पुढे झुकतं. कोणी बोलत असताना नीट ऐकायचं असलं की तुम्ही झुकवायचात तसं. पंधरा सेकंद संपतात.

म्हणजे तोंड तुम्ही पाहिलं होतं, आई. बाहुली आडवी होती की गोल, हे तुम्हाला कळलं होतं. चार महिने तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात आणि बोलला नाहीत.

मी ती क्लिप नऊ वेळा पाहिली. स्टुलाच्या उंचीवरून त्याचं माप काढायचा प्रयत्न केला, पण ते स्टुलाच्या पुढे आहे की बाजूला, कळत नाही. माप निरुपयोगी. तेव्हा दोनच शक्यता उरतात. बाहुली आडवी होती, तुमचं खरं ठरलं होतं, आणि सांगितलं तर सरकारी माणसं आणखी पेट्या घेऊन वर जातील म्हणून तुम्ही गप्प राहिलात. किंवा बाहुली गोल होती, तुम्ही चुकला होतात, आणि ज्या सुनेनं तुमची नोंद पुसली तिच्यापुढे ते कबूल करणं तुम्हाला नको होतं. मी दोन्हीकडून विचार केला. कुठल्याही बाजूनं गेलं तरी मध्ये मी उभी आहे. मी 'असेल' म्हणाले नसते तर तुम्ही त्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतंत. चप्पल काढायच्या आधी सांगितलं असतंत.

नंतरच्या क्लिपा तुम्ही अंथरुणाला लागल्यानंतरच्या. स्टूल नाही, तुम्ही नाही. ते मात्र येतं, रोज साडेअकरा ते बाराच्या मध्ये. तुम्ही बसायचात त्या जागेपुढे उभं राहतं, पुढचे पाय छातीशी, पाठ माझ्याकडे. पंधरा सेकंद हलत नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही आहे, अकरा वाजून चाळीस मिनिटांची. त्या मिनिटाला मी फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगत होते. त्या एका क्लिपमध्ये ते मान वर करतं, बसलेलं माणूस उठून उभं राहिलं की आपण करतो तशी.

मी याचा अर्थ लावणार नाही. खाणं ज्या वेळी मिळतं त्या वेळी जनावर येतं, हे तुमच्याच वहीत आहे. खाणं बंद होऊन महिना झाला तरी का येतं, ते वहीत नाही.

नितीनला मी क्लिप दाखवली. तो स्क्रीनला हात लावून बसला, आणि "आईचा आवाज आहे," एवढंच म्हणाला. त्याला जनावर दिसलंच नाही बहुतेक. इरानं विचारलं, "आई, व्हॉट डिड इट टेल हर?" मी म्हटलं, जनावरं बोलत नाहीत. ती म्हणाली, "आय नो. बट व्हॉट?"

आज सोमवार. मी ऑफिसला सुट्टी टाकली, कारण विचारलं तर घरचं काम असं सांगितलं. साडेअकराला वर गेले. दोन अंडी नेली होती. एक पेटीत, नियमाप्रमाणे, सापळा लावून. दुसरं काँक्रीटवर. हे मला पटलेलं नाही, पण ते तुमच्या खात्यातलं. नेच्याखालून स्टूल काढलं, पुसलं आणि बसले. कधी नव्हे ती बसले, आई. मोरीकडे तोंड करून बसवेना, म्हणून पाठ करून बसले.

मोबाइलला तिथं जेमतेम एक कांडी रेंज असते. फेब्रुवारीची नोंद उघडली. 'स्टोट' काढून तुमचं 'मुंगूस' परत लिहिलं, पाहणाऱ्याचं नाव सुमती. खाली टिपेच्या जागी लिहिलं: "ही नोंद मी बदलली होती. मी स्वतः काही पाहिलेलं नाही. वैशाली." आता अ‍ॅपच्या ऑफिसातून फोन येतील. माणसं पेट्या घेऊन वर येतीलही, आणि मोरीत जे काही आहे ते त्यांना सापडेलही. तुम्हाला ते नको होतं की काय, मला ठाऊक नाही. विचारायला आता तुम्ही नाही. पण पाहिलेलं पुसायचं नाही हा नियम तुम्हीच घातलेला आहे, आणि त्याला तुम्ही अपवाद सांगितला नव्हता.

मी बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग गेलं.

तेव्हा लक्षात आलं की तुई थांबलाय. वारा होता, पानं हलत होती, पण पक्षी एकही नाही. तो वास आला. आणि पाठीमागे, दोन हातांवर, काँक्रीटवर अंडं फुटल्याचा टक असा आवाज झाला. पुढे काही हललं नाही. चाटल्याचा नाही, पळाल्याचा नाही, कसलाच आवाज नाही. ते तिथंच होतं आणि माझी पाठ बघत होतं.

शपथ मला घालावी लागली नाही. तोंड कोणी दाखवायचं राहिलं होतं, ते मला माहीत होतं. "मी बदललं होतं, आई," मी मोठ्यांदा म्हणाले. "ऑफिसातल्यांनी नाही. मी."

आणि वळले.